डिंडोलीचा कप्तान

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो. मग ते म्हणाले, "साहेब, जरा हलकंफुलकं द्या. समुद्र, जहाजं, परदेशातल्या मेजवान्या. दिवाळीत लोकांना प्रसन्न वाचायला आवडतं." मी म्हटलं, बघतो. बघितलं, पण प्रसन्न काही सापडेना. यंदा माझ्या डोक्यात एकच प्रकरण आहे आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं. रक्तदाबाची गोळी घेऊन लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनीही फराळ करून मगच वाचावं, उपाशीपोटी संताप बरा नव्हे.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझे वडील खानदेशातून सुरतेला गिरणीत आले. आम्ही लिंबायतच्या एका खोलीत वाढलो, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो. पुढे मी दहाएक वर्षं नौदलात अधिकारी होतो, मग परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात गेलो आणि निवृत्तीपर्यंत वेगवेगळ्या बंदरांच्या गावी वकिलातीत राहिलो. या दोन्ही नोकऱ्यांत तोंड बंद ठेवावं लागतं. ते साठलेलं सगळं पुढे पुस्तकांत ओतलं, आणि चार लोकांनी वाचलं म्हणून लेखक झालो. निवृत्त झाल्यावर सुरतेच्याच डिंडोली भागात घर घेतलं तेव्हा दिल्लीच्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. पण मला सकाळी दारातून अहिराणी ऐकू यायला हवी होती.

इथे मला सगळे "कप्तानसाहेब" म्हणतात. मी कप्तान कधीच नव्हतो. नौदलात कॅप्टन हा बराच वरचा हुद्दा, मी त्याच्या दोन पायऱ्या खाली असतानाच बाहेर पडलो. मालवाहू जहाजावर कप्तान म्हणजे जहाजाचा प्रमुख, तिथे तर मी कधी कामच केलं नाही. सुरुवातीला मी भाजीवाल्यालासुद्धा हा फरक समजावून सांगायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बराबर छे कप्तानसाहेब, मेथी किती देऊ?" मग मी नाद सोडला.

नौदलातल्या पहिल्या वर्षांत माझं काम म्हणजे दुर्बीण डोळ्याला लावून उभं राहणं. समोर येणारं जहाज कुणाचं, कशाला आलंय, खरं की लबाड, ते लांबूनच ओळखायचं. आमचे पहिले वरिष्ठ अतिशय तिरसट होते. ते म्हणायचे, जहाजाचं नाव वाचू नकोस, नाव कुणीही रंगवतं. ते पाण्यात किती बसलंय ते बघ. मागे निशाण आहे का बघ. लंगराचा साखळदंड बघ. चालत्या जहाजाचा साखळदंड घासून स्वच्छ असतो, आणि एकाच जागी पडून राहिलेल्या जहाजाच्या साखळदंडाला शेवाळाची दाढी फुटते. दुर्बिणीची सवय सुटली, पण ही सवय काही सुटली नाही.

वकिलातीतलं काम लोकांना वाटतं तसं नसतं. मेजवान्या असतात, पण त्यांत उभ्या उभ्या गार समोसा खावा लागतो. बाकीचा दिवस तक्रारी ऐकण्यात जातो. कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचा नवरा वर्षभर घरी फोन करत नाही, कुणाचं प्रेत मायदेशी पाठवायचंय. एकदा आपल्या सुरतेचेच एक शेठ आले आणि म्हणाले, समोरच्या हॉटेलातल्या डाळीत कांदा-लसूण नाही असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून द्या. मी म्हटलं, शेठ, भारत सरकार डाळ चाखत नाही. ते रुसून गेले आणि माझी वर तक्रार केली. त्या तक्रारीला मी रीतसर लेखी उत्तर दिलं.

या धंद्यातलं खरं हत्यार मात्र मला एका बंदरात सापडलं. चार खलाशी एका सडक्या जहाजावर अडकले होते आणि बंदराचा अधिकारी त्यांना उतरू देत नव्हता. पत्रं लिहून काही होईना. एके दिवशी मी त्याच्या कचेरीत जाऊन बसलो आणि उठलोच नाही. त्यानं कॉफी दिली, मी प्यालो. त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मी मारल्या. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तो उभा राहिला, मी बसलेलाच. शेवटी वैतागून त्यानं परवानगी दिली. तेव्हापासून मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगत आलो की वकिलाती माणसाचं हत्यार जीभ नाही, बूड आहे. ओरडायचं नाही, चहा दिला तर नाही म्हणायचं नाही, आणि उठायचं नाही.

तर यंदाची गोष्ट. आमच्या मागच्या सोसायटीतले रामदासभाऊ एका रविवारी सकाळी पेढे घेऊन आले. हे लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहून कान अधू झालेत, त्यामुळे बोलतात मोठ्यानं. मला मात्र ते घरच्यासारखं अण्णा म्हणतात. त्यांची बायको सुमनताई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. एकुलता एक मुलगा भूषण, तीन वर्षांपूर्वी खलाशाचा छोटा कोर्स करून जहाजावर लागला. सुरतेतली आमची पोरं लूमवर नाहीतर मार्केटात जातात, हा समुद्रावर गेला याचं मला मनातून कौतुक होतं.

"अण्णा," रामदासभाऊ दारातूनच ओरडले, "पोऱ्या कप्तान व्हयना!"

मी पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच राहिला. डेक घासणारा पोरगा तीन वर्षांत कप्तान होत नाही. पंधरा वर्षं लागतात, परीक्षांवर परीक्षा लागतात. पण बापाचा चेहरा बघून मी एवढंच म्हटलं, "अरे वा, कसा काय?"

"कंपनीना वरना लोके घर चालना गयात. आते सगळं जहाज त्यानाच हातमा. संध्याकाळी सत्कार शे, तुमी पाहुणा."

सत्काराला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. कुणी दहावी पास झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी रक्तदान केलं, की शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स. ज्यांना कुणी कुठे विचारत नाही त्या लोकांनी एकमेकांना विचारायची ही रीत काढली आहे आणि मला ती आवडते. म्हणून संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी सोसायटीच्या हॉलवर गेलो.

दारातच दोन माणसं उंचीचा फ्लेक्स. त्यावर सर्वांत मोठा फोटो अर्थातच शेजारच्या गोडादऱ्याच्या एका पुढाऱ्याचा. त्यांना सगळे भाईसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो. कोपऱ्यात भूषण. त्याचा चेहरा फ्लेक्सवाल्यानं कुणाच्या तरी पांढऱ्या गणवेशावर चिकटवला होता, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. खाली लिहिलेलं, "डिंडोलीच्या सुपुत्राचा सात समुद्रांवर झेंडा". मी हसू दाबलं. मग माझी नजर मागच्या जहाजाकडे गेली. ते जहाज मात्र खरं होतं, भूषणनं स्वतः घरी पाठवलेल्या फोटोतलं.

माझं हसू तिथंच थांबलं. जहाज पाण्यात बसलेलंच नव्हतं. एरवी पाण्याखाली असतो तो तळाचा तांबडा रंग पुरुषभर वर आला होता, म्हणजे पोटात ना माल, ना तेल. मागच्या काठीवर निशाण नव्हतं. आणि साखळदंडाला अशी दाट हिरवी दाढी, की ते जहाज एक अख्खा हंगाम जागचं हललेलं नसणार. सात समुद्र राहू देत, त्यानं एक मैलसुद्धा कापला नव्हता.

मी रामदासभाऊंना बाजूला घेतलं. विचारलं, "जहाजावर आणखी कोण कोण आहे?"

"कोनी नही," ते अभिमानानं म्हणाले. "सगळास्ले घर धाडी दिधं. आपला एकलाच संभाळस. आनि अण्णा, तुमले सांगाले इसरनू. कोर्टनी जहाज त्याना नावावर करी दिधं! जजनी सोता!"

इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आमच्या भागात अर्धी घरं अशा प्लॉटांवर उभी आहेत की ती कुणाच्या नावावर आहेत हे देवालाच ठाऊक. माणसं गावाकडचं शेत विकून इथे दोन खोल्या बांधतात आणि त्या आपल्या नावावर व्हाव्यात म्हणून जन्म घालवतात. अशा माणसाला कुणी सांगितलं की तुझ्या पोराच्या नावावर खुद्द कोर्टानं एक अख्खं जहाज केलं, तर तो पेढेच वाटणार. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. या चुकीवर मी आजही हसू शकत नाही.

मला मात्र त्या वाक्याचा अर्थ नीट माहीत होता. जहाजांचा धंदा असा चालतो: मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, चालवणारी कंपनी तिसऱ्या देशात, आणि खलाशी आपले. धंदा चालतो तोवर सगळे हजर. तो बसला की मालक फोन उचलायचा बंद होतो, पगार थांबतो, डिझेल संपतं, आणि जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर लंगर टाकून पडतं. ज्यांचे पैसे बुडाले ते कोर्टात जातात, कोर्ट जहाज जप्त करतं. पण जप्त जहाज नुसतं सोडून देता येत नाही, वारा सुटला की ते लंगर ओढत जाऊन दुसऱ्यावर आदळतं. म्हणून लिलाव होईपर्यंत एका माणसाला कायद्यानं त्याचा राखणदार नेमतात. त्यानं जहाज सोडायचं नाही. सोडलं तर गुन्हा. लिलाव कधी होईल ते कुणालाच माहीत नसतं, आणि गंजलेलं लोखंड घ्यायला कुणी धावतही येत नाही.

मी रामदासभाऊंना म्हटलं, कार्यक्रम आज नको, पुढे ढकलू. त्यांना ते नीट ऐकूच गेलं नाही. ऐकू गेलं तेव्हा म्हणाले, "आते कसं व्हई? लोके येल शेतस."

भाईसाहेबांनी भाषण केलं. पोरगा समुद्रावर राज्य करतो आहे, त्यामागे त्यांचं मार्गदर्शन आहे, असं त्यांनी सांगितलं. सुमनताईंना शाल घातली. त्या शालीचं टोक दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मग माईक माझ्या हातात आला. गोड बोलून खाली बसणं हे तर माझं आयुष्यभराचं काम होतं. पण त्या फ्लेक्सवरच्या चार सोनेरी पट्ट्या बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "भूषणला कप्तान केलेलं नाही. त्याला त्या जहाजाला बांधून ठेवलंय. जहाज त्याच्या नावावर झालं म्हणजे ते तिथं आहे तोवर तो कुठं जाऊ शकत नाही. शाल-नारळ नंतर देऊ, आधी त्याला सोडवू."

मग सुमनताई बोलल्या. त्या बाईचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"मना पोऱ्या मोठा व्हयना ते तुमले देखावस नही का, अण्णा?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सोता कप्तान व्हयना नही, म्हणीसन जळस." लोक हसले. भाईसाहेबांनी माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि साहेबांचं वय झालंय असं काहीसं म्हणाले. मी घरी आलो. नौदलात आणि वकिलातीत मिळून माझा इतका अपमान झाला नव्हता, आणि ज्यांच्यासाठी बोललो त्यांनीच तो केला होता. मी खूप चिडलो होतो. लोकांवर कमी आणि ज्यानं ही परिस्थिती आणली त्या अदृश्य जहाजमालकावर जास्त, पण चिडून उपयोग काय? त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई एकट्या आल्या. कालच्या बोलण्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत, मीही काढलं नाही. हातात मोबाईल. "त्याले इचारा," एवढंच म्हणाल्या.

भूषणचा चेहरा पडद्यावर आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. मी आधी कामाचं विचारलं. लंगर किती? "एकच, साहेब. दुसरा तुटला." जनरेटर? "बंद. डिझेल नाही." मग फोन कसा चालतो? मासे धरणारी एक होडी अधूनमधून जवळून जाते, ती माणसं त्याचा फोन किनाऱ्यावर नेऊन चार्ज करून आणतात, येताना पाव आणि पाणी आणतात. त्यांची भाषा याला येत नाही, याची त्यांना येत नाही. कंपनीनं टाकलं, कोर्टानं बांधलं, आणि जगवलं कुणी, तर त्या होडीवाल्यांनी.

"तुला राखणदार नेमलं तेव्हा तू हो का म्हणालास?"

"साहेब, कप्तान आजारी बोलून गेला. चीफसाहेबांच्या घरी काही झालं, ते गेले. बाकीचे मला बोलले, तुझं लग्न नाही, पोरं नाहीत, तू थांब, टेन्शन नको, महिन्याभरात विकून जाईल. कोर्टात जजनी विचारलं, जहाजाचा मास्टर कोण? वकिलानी माझ्याकडं बोट केलं. मास्टर म्हणजे कप्तानच ना साहेब? मी मायला खोटं नाही बोललो."

सुमनताई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला.

"भूषण, तठे तुन्हासंगे कोन शे?"

"कोनीच नही, माय."

पडद्यावर त्याच्या मागे दरवाजा वाऱ्यानं आपटत होता तेवढा ऐकू येत होता.

आता मला वाटलं की माझं आयुष्य कामी येईल. ते जहाज ज्या देशाच्या किनाऱ्याला होतं तिथली आपली वकिलात म्हणजे माझं घरच, मी पूर्वी ज्या खुर्चीत बसायचो तसल्याच खुर्चीत तिथे एक तरुण अधिकारी बसलेला. फोन केला. अतिशय सभ्य मुलगा. दर वाक्याला सर. मी सगळं सांगितलं. एक लंगर आहे, वादळाचे दिवस तोंडावर आहेत, कोर्टात स्वतः जाऊन उभे राहा, राखणदार बदलून मागा, बदलता येतो, मी बदलून घेतलेला आहे.

तो म्हणाला, "सर, प्रकरण तिथल्या न्यायालयात आहे. आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही."

मी म्हटलं, "पोरगा कैदेत आहे."

"तांत्रिकदृष्ट्या नाही, सर. तो कुणाच्या ताब्यात नाही. ताबा त्याच्याकडे आहे."

हे वाक्य त्यानं घडवलेलं नव्हतं. आमच्या खात्यात अशी वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार असतात आणि नवीन माणसाला आयती मिळतात. ऐकताना ती बरोबर वाटतात. त्यांच्यात चूक काढता येत नाही म्हणूनच ती भयंकर असतात. मी त्याला विचारलं, तू त्या बंदरावर एकदा तरी गेलास का? "ईमेल केलाय, सर." मी फोन ठेवला आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिलो. ज्याला बसायला पगार मिळतो त्याला योग्य ठिकाणी जाऊन बसता येऊ नये?

मी जहाजाची नोंदणी असलेल्या देशाला लिहिलं. ते एक बेट आहे, तिथं जहाजांपेक्षा कंपन्यांच्या पाट्या जास्त. उत्तर नाही. दिल्लीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. सगळे आपुलकीनं बोलले, नवीन पुस्तक कधी येतंय विचारलं. एकानं तर हा कथेला फार छान विषय असल्याचं सांगितलं. त्याच्याशी मी आता बोलत नाही.

इकडे सुमनताई रोज येत होत्या. एकदा मी वैतागून त्यांना माझ्या त्या जुन्या बंदराची, कॉफीची आणि न उठण्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, मी तिथं असतो तर बसलो असतो, पण आता कुठं बसू? त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "फ्लेक्सवर सगळास्मा मोठा फोटू कोना शे?"

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सात-आठ बायका साड्यांची गाठोडी घेऊन गोडादऱ्यात भाईसाहेबांच्या ऑफिसात गेल्या. पंख्याखाली सतरंजीवर बसल्या, साड्या पसरल्या आणि टिकल्या चिकटवायला लागल्या. मी संध्याकाळी डोकावलो. सगळ्या ऑफिसात त्या चिकटीचा उग्र वास. येणाऱ्या-जाणाऱ्याला साड्या ओलांडून जावं लागे, आणि ओली साडी ओलांडली तर बायका अशा बघत की माणूस परत फिरे. तिथला कारकून म्हणाला, "मासी, साहेब बहार गया छे, काले आवजो," म्हणजे उद्या या. सुमनताई मान वर न करता म्हणाल्या, "येऊ द्या. आमी बसतस." ओरडा नाही, घोषणा नाही. चहा आला तर पीत. संध्याकाळी उठत, सकाळी परत. कुणी विचारलं तर एवढंच सांगत की आमच्या कप्तानाला आणायचंय, भाईसाहेबांनी त्याचा सत्कार केलाय, तेच आणतील.

भाईसाहेबांची पंचाईत झाली. फ्लेक्स काढावा तर लोक विचारणार, ठेवावा तर लोक हसणार. आणि हसणं या माणसांना चालत नाही, शिव्या चालतात. ऑफिसातल्या चिकटीच्या वासानं त्यांचं डोकं दुखायला लागलं असं नंतर कारकुनानंच मला सांगितलं. शेवटी त्यांनी वर फोन केला. वरच्यानं आणखी वर केला.

आणि एके दुपारी तोच सभ्य तरुण अधिकारी मला आपणहून फोन करतो. "सर, उद्या आम्ही स्वतः कोर्टात जातोय. राखणदार बदलण्याचा अर्ज करतोय."

मी विचारलं, "मध्यंतरी कायदा बदलला का?"

"नाही, सर."

"मग हस्तक्षेप कसा काय चालेल?"

त्यानं अर्जाची वेळ सांगून फोन ठेवला. मुलगा वाईट नव्हता, म्हणून या वेळी त्यानं तयार वाक्य काढलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, नाही असं नाही, मी धावतच सुमनताईंना सांगायला गेलो. पण सोबत असा संताप आला की काय सांगू. मी पोटतिडकीनं कायदा समजावून सांगत होतो तेव्हा तो कुणाला दिसला नाही. पुढाऱ्याचं डोकं दुखल्यावर लगेच दिसला. ज्याच्या मायला टिकल्या चिकटवता येत नाहीत, ज्याच्या गल्लीत फ्लेक्स नाही, त्यानं काय करावं?

वादळ यायच्या आत भूषण सुटला. उधना स्टेशनवर भाईसाहेब बँड घेऊन हजर. नवीन फ्लेक्स, "प्रयत्नांना यश". या वेळी त्यांचा फोटो आणखी मोठा. भूषण गाडीतून उतरला तेव्हा त्याला गर्दीची सवयच राहिली नव्हती. तो डब्याच्या दांड्याला धरून उभा राहिला. सुमनताई बँडमधून वाट काढत गेल्या, त्याचा हात धरला आणि चालायला लागल्या. हार घेऊन पुढे आलेल्या भाईसाहेबांना त्या म्हणाल्या, "वाजाडा तुमी," आणि रिक्षात बसल्या. मी आणि रामदासभाऊ मागच्या रिक्षात. रामदासभाऊ सगळा रस्ता रडत होते आणि ते मोठ्यानं रडतात.

घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, भरीत. भूषण खाली मान घालून जेवत होता. मी असाच, बोलायचं म्हणून विचारलं, "जहाज आता कुणाकडे दिलं?"

त्यानं भाकरी ताटात ठेवली. "एक पोऱ्या आणला, साहेब. खलाशी पुरवणाऱ्या एजंटनं. आपल्याकडचा नाही, लांबच्या देशातला. माझ्यापेक्षा लहान असेल. खूश होता. त्याला सांगितलं होतं नोकरी आहे."

"तू काही सांगितलं नाहीस?"

"भाषा येत नव्हती." मग आमच्यापैकी कुणाकडे न बघता, "हातानं सांगता आलं असतं. पण त्यानं नको म्हटलं असतं तर मला सुटता आलं नसतं."

कोर्टानं एकाला सोडायला दुसरा मागितला, एजंटनं आणून दिला, वकिलातीनं आपलं काम झालं म्हणून नोंद केली, आणि त्या अर्जाची वाट दाखवणारा मीच होतो. राखणदार बदलून मागा असं मीच ओरडून सांगितलं होतं. दुसरी वाट कायद्यात नव्हती, आजही नाही. पण तशी ती नसावी याचा संताप मी कुणावर काढू?

सुमनताई तव्यापासून उठून आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी मुलाला विचारलं, "त्या पोऱ्यानी मायले माहीत शे का?"

"नही."

त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं मला धीराचं काही बोलतील. सत्काराच्या दिवशी होता तोच आवाज होता.

"अण्णा, तुमी लिखतस ना? मंग लिखा."

त्या मुलाच्या देशाची त्या शहरात वकिलात नाही. जवळची कुठे आहे ते शोधून मी तिला लिहिलं आहे, पोच आलेली नाही. होडीवाल्यांना कधीतरी काही पाठवता यावं म्हणून भूषणनं त्यांच्यातल्या एकाचा नंबर ठेवला होता, त्यावर आम्ही फोन लावतो. तो उचलला जातो, पलीकडचा माणूस काहीतरी बोलतो, आम्ही काहीतरी बोलतो. एवढं कळतं की ते अजून पाव पोचवतात. म्हणजे तो नवा पोरगा तिथंच आहे. तुमच्या हाती हा अंक पडेल तेव्हाही बहुधा असेल.